उमरगा ते आशिया : मूर्ती आल्या, आता माणसे जायला हवीत

बुद्ध ही भारताने आशियाला दिलेली सर्वांत मोठी देणगी, हे वाक्य आता सरकारी भाषणांत नेहमीचे झाले आहे. तथागतांच्या पवित्र अस्थी २०२२ मध्ये मंगोलियात, २०२४ मध्ये थायलंडमध्ये आणि २०२५ मध्ये व्हिएतनाममध्ये दर्शनासाठी नेण्यात आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत आशियाई बौद्ध शिखर परिषद भरली. या सगळ्याचे आम्ही स्वागतच करतो. पण २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी ६५ लाख ३१ हजार, म्हणजे शंभरातले ७७, एकट्या महाराष्ट्रात राहतात. बुद्धाच्या नावाने आशियाशी जे नाते जोडले जात आहे, त्यात धाराशिव जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर असलेल्या उमरग्यातला बौद्ध तरुण कुठे आहे?

आमचे म्हणणे सरळ आहे. गेली सत्तर वर्षे आशियातून आमच्याकडे मूर्ती आल्या, भन्ते आले, ग्रंथ आले, निधी आला. आमच्याकडून मात्र फार थोडी माणसे शिकायला, शिकवायला किंवा व्यापार करायला गेली. येणे-जाणे दोन्ही बाजूंनी सुरू झाले, तरच नाते बरोबरीचे होते. या लेखात आम्ही जुना इतिहास, आजच्या वाटा आणि त्या वाटांवरचे अडथळे एकत्र मांडत आहोत, म्हणजे गावोगावच्या कार्यकर्त्यांना तो संदर्भ म्हणून हाताशी ठेवता येईल.

आपल्या जिल्ह्यातला जुना मार्ग

आशियाशी संबंध ही मुंबई-पुण्याची गोष्ट आहे, असे आपल्या भागात अनेकांना वाटते. इतिहास तसे सांगत नाही. धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाते, असे तो सांगतो. तेथून हा माल जहाजाने अरबस्तान आणि त्याच्या पलीकडे जाई.

व्यापाराच्या याच वाटेवर धम्मही चालला. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. तिथले विटांचे, मागच्या बाजूने अर्धगोलाकार असलेले त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. गावात रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे?

उमरग्याच्या दुसऱ्या अंगाला, आळंदच्या पुढे कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आणि कनगनहळ्ळी आहे. १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे उत्खनन केले, तेव्हा एक भव्य स्तूप उजेडात आला. त्यातील एका शिल्पपटावर राजा-राणी आहेत आणि खाली ब्राह्मी लिपीत ‘राया असोको’ अशी अक्षरे आहेत. ज्या शिल्पावर अशोकाचे नाव कोरलेले आहे असे हे अत्यंत दुर्मीळ शिल्प आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग धरून हैदराबादच्या पुढे गेले की नागार्जुनकोंडा लागते. तिथल्या तिसऱ्या शतकातील एका शिलालेखात काश्मीर, गांधार, चीन, तोसली, अपरांत, वंग, वनवासी, यवन, दमिळ आणि ताम्रपर्णी या देशांत धम्म पोहोचवणाऱ्या आचार्यांचा उल्लेख आहे. अपरांत म्हणजे आपले कोकण आणि ताम्रपर्णी म्हणजे श्रीलंका. श्रीलंकेच्या भिक्खूंसाठी तिथे ‘सीहळ विहार’ही होता. श्रीलंकेच्या ‘महावंस’ ग्रंथात तिसऱ्या संगीतीनंतर धम्मप्रसारासाठी पाठवलेल्या थेरांची यादी आहे. त्यात महाधम्मरक्खित थेर महारट्ठात आणि महिंद थेर लंकेत गेल्याची नोंद आहे. म्हणजे श्रीलंकेच्या परंपरेनुसार महाराष्ट्र आणि लंका यांना धम्म मिळाला तो एकाच मोहिमेत.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, तेव्हा इथे शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने लिहून ठेवले. तो शिकायला आला होता आणि परत जाताना ग्रंथ घेऊन गेला. नाते कसे जोडावे, याचा धडा त्याच्याकडून घेण्यासारखा आहे.

जी माणसे गेली

आधुनिक काळातही मराठी माणसे गेली. संख्येने ती थोडी होती, पण त्यांचे काम टिकले.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून ते घर सोडून निघाले. हाताशी पैसा नव्हता. १९०२ मध्ये ते श्रीलंकेत पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांकडे पाली शिकले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. परत आल्यावर १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम केले आणि बुद्धाविषयी मराठीत पुस्तके लिहिली. महाराष्ट्रात पाली शिकण्याची जी परंपरा उभी राहिली, तिचा पाया एका माणसाच्या लंकेच्या प्रवासाने घातला.

दुसरे नाव आपल्या शेजारच्या सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० चा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. ते चिनी भाषा शिकले, सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. चीनमध्ये आजही त्यांचे पुतळे आहेत. भारत आणि चीन यांच्यात सीमेवर कितीही तणाव असला, तरी कोटणीसांचे नाव तिथे आदराने घेतले जाते. ते बौद्ध धम्माचे प्रचारक नव्हते, डॉक्टर होते. म्हणूनच त्यांचे उदाहरण आम्हाला महत्त्वाचे वाटते. एखादे कौशल्य आणि त्या देशाची भाषा एवढ्या दोन गोष्टींवर आयुष्यभराचे नाते उभे राहू शकते.

तिसरे आणि सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेबांचे. १९५० मध्ये श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषद भरली, तेव्हा ते तिथे होते. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या परिषदेला गेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये, नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, त्यांनी काठमांडूच्या परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करणारे भाषण दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महाथेर मूळचे ब्रह्मदेशातले होते. त्याआधी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी जी बुद्धमूर्ती बसवली, ती रंगूनहून आणलेली होती.

पण बाबासाहेबांनी ब्रह्मदेशाकडे फक्त मूर्ती मागितली नाही, ही गोष्ट आपण विसरतो. तिथल्या बुद्धशासन परिषदेला त्यांनी भारतातील धम्मप्रसाराविषयी एक निवेदन दिले होते. त्यात सामान्य माणसाला वाचता येईल असा धम्मग्रंथ, उपासकांसाठी दीक्षाविधी, गृहस्थ प्रचारकांची नेमणूक आणि प्रचारक घडवणारी शिक्षणसंस्था असा आराखडा होता. छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव देतानाही त्यांच्या मनात यवन राजा आणि भारतीय भिक्खू यांचा संवादच असणार. आशियाकडे त्यांनी पाहिले ते शिक्षणाच्या आणि संघटनेच्या नजरेने.

जे आले, त्याचा हिशेब

आशियाने आपल्याला काय दिले, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना भारतात आणली. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिरे चालू आहेत आणि २००९ मध्ये गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा खुला झाला. जपानचे भदंत सुरई ससाई नागपूरला आले, इथलेच झाले आणि त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासिकेच्या मदतीने उभे राहिले. तैवानच्या एका संस्थेने छापलेल्या धम्मग्रंथांच्या मोफत प्रती आपल्या कितीतरी घरांत आहेत. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि तिथल्या रस्ते, पाणी, विमानतळ या सोयींसाठी जपानने १९९२ आणि २००३ मध्ये कर्ज दिले.

उलट दिशेची यादी करायला बसले की ती लवकर संपते. १० सप्टेंबर २०१५ रोजी जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ही अभिमानाची गोष्ट. पण त्या विद्यापीठात शिकणारे आपल्या तालुक्यातले विद्यार्थी किती? पुतळा पोहोचला, तसा विद्यार्थीही पोहोचला पाहिजे.

शिक्षणाच्या वाटा आणि बंद दारे

पाली आणि बौद्ध अध्ययनासाठी श्रीलंकेत केलानिया विद्यापीठाची पाली व बौद्ध अध्ययनाची पदव्युत्तर संस्था आणि बौद्ध व पाली विद्यापीठ आहे. थायलंडमध्ये महाचुलालोंगकोर्न राजविद्यालय आणि महिडोल विद्यापीठात इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत. देशातच शिकायचे तर बिहारमधील राजगीरचे नालंदा विद्यापीठ आहे. २०१० च्या कायद्याने ते स्थापन झाले, २०१४ मध्ये वर्ग सुरू झाले आणि जून २०२४ मध्ये नव्या परिसराचे उद्घाटन झाले. आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी तिथे एकत्र शिकतात. त्याहून जवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा पाली व बौद्ध धम्म विभाग आहे आणि या विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवलाच आहे.

विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विषयांसाठी जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती, कोरियाची ग्लोबल कोरिया शिष्यवृत्ती आणि तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. जपान आणि कोरियाच्या शिष्यवृत्तीत शुल्क, विमानभाडे आणि निर्वाह भत्ता मिळतो. कोरियाच्या शिष्यवृत्तीत आधी भाषाही शिकवतात.

आता अडथळा पाहा. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. ती मिळण्यासाठी विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावे लागते. टोकियो, क्योटो, सोल, सिंगापूर, तैपेई येथील मोठी विद्यापीठे या यादीत बसतात. केलानिया बसत नाही, महाचुलालोंगकोर्नही नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. म्हणजे बौद्ध विद्यार्थ्याला बौद्ध देशात जाऊन आपला धम्म शिकायचा असेल, तर सरकारच्या दोन्ही योजनांची दारे त्याच्यासाठी बंद. एकीकडे बुद्ध ही देशाची ओळख म्हणून जगापुढे मांडायची आणि दुसरीकडे बौद्ध विद्यार्थ्याला हा विषय शिकायला मदत नाकारायची, ही विसंगती आहे. पाली आणि बौद्ध अध्ययनासाठी क्रमवारीची अट शिथिल करावी आणि वगळलेले विषय पुन्हा घ्यावेत, ही मागणी प्रत्येक आमदार-खासदाराकडे लेखी गेली पाहिजे.

पालीचीही तीच गत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली हा वैकल्पिक विषय २०१३ मध्येच काढून टाकलेला आहे. दर्जाचा सन्मान झाला, पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला पाली घेण्याचे कारण उरले नाही.

भाषा : आपली खरी पुंजी

उमरगा-मुरूम परिसरातले मूल मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते, दखनी समजते, शाळेत हिंदी-इंग्रजी शिकते. सीमाभागाची ही देणगी आपण कधी मोजतच नाही. इतक्या भाषा कानावर पडलेल्या मुलाला आणखी एक भाषा जड जाऊ नये. जपानी आणि कोरियन भाषांची वाक्यरचना तर मराठीसारखीच आहे, क्रियापद शेवटी येते. लिपी शिकायला मात्र कष्ट आहेत.

जपानीची जेएलपीटी परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुणे आणि मुंबईत तिची केंद्रे आहेत. एन-५ ही पहिली पायरी आणि एन-१ शेवटची. बारावीनंतर सुरुवात करून पदवी होईपर्यंत एन-३ गाठणे शक्य आहे. श्रामणेर शिबिरात आपण मुलांना पालीतली वंदना शिकवतो. तिथेच पाली व्याकरणाचे दहा धडे शिकवले, तर श्रीलंका, थायलंड आणि म्यानमारच्या उपासकांशी बोलण्यासाठी एक समान शब्दसंग्रह तयार होतो.

व्यापार : नाते आहेच, पण आवाज नाही

आशियाशी आपला व्यापारी संबंध नाही, असे समजू नका. तो उमरगा आणि मुरूमच्या बाजार समितीत रोज ठरतो. २०२१ मध्ये भारताने म्यानमारशी पाच वर्षांसाठी करार केला : दरवर्षी १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद आयात करायचा. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला, पण आयात तूर बंदरात किती दराने उतरते यावर आपल्या मोंढ्यातला दर हलतो. सोयाबीनचेही तसेच. इंडोनेशिया आणि मलेशियाचे पामतेल स्वस्त आले की सोयाबीन पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्के केले गेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते कमी करून १० टक्क्यांवर आणले गेले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, तरी शेतकऱ्याच्या हातात काय पडते ते आपण जाणतोच.

म्हणून ज्यांना व्यापारात उतरायचे आहे, त्यांनी या गोष्टी वाचल्या पाहिजेत. भारतातले सोयाबीन जनुकीय बदल न केलेले आहे. जपान, कोरिया, तैवानमध्ये तोफू, मिसो, सोया सॉस यांसाठी खाण्यायोग्य सोयाबीन लागते आणि तिथल्या अनेक ग्राहकांना असाच माल हवा असतो. मात्र तो विकायचा तर एकच वाण, ओलावा, स्वच्छता, रासायनिक अवशेषांची तपासणी आणि दरवर्षी तोच दर्जा हवा. हे एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, आयात-निर्यात परवाना आणि अपेडाकडे नोंदणी या पायऱ्या आहेत. अल्पभूधारक बौद्ध कुटुंबांनी बचत गटांच्या पुढे जाऊन अशा कंपन्यांचे सभासद व्हावे, संचालक व्हावे. भूमिहीनांसाठी प्रतवारी, पॅकिंग आणि वाहतूक हाही उद्योगच आहे.

नोकरीच्या वाटेवर जपानची ‘विशिष्ट कुशल कामगार’ योजना २०१९ पासून आहे आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासाठी सहकार्य करार केला. शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशा क्षेत्रांत भाषा आणि कौशल्य या दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आपल्या मुलींसाठी ही संधी आहे.

इथे एक इशारा. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी असे सांगून नेलेल्या शेकडो भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावडी भागात आणि कंबोडियात डांबून सायबर फसवणुकीची कामे करून घेतली गेली. २०२५ मध्ये सरकारला विमाने पाठवून त्यांना परत आणावे लागले. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पर्यटक व्हिसावर नोकरी असे कोणी सांगितले, तर तिथेच थांबा.

बरोबरीचे नाते म्हणजे काय

आशियात जाताना बाबासाहेबांची नजर सोबत असली पाहिजे. बौद्ध देश म्हणजे समतेचे राज्य, असे आपोआप होत नाही. जपानमध्ये बुराकुमिन या समाजाला पिढ्यानपिढ्या व्यवसायावरून हीन मानले गेले. मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या धम्मनामातही काही बौद्ध मंदिरांनी त्यांना अपमानकारक अक्षरे दिली. त्याविरुद्ध १९२२ मध्ये क्योटोत सुइहेइशा ही संघटना उभी राहिली. पुढे बुराकू मुक्ती चळवळीच्या पुढाकाराने १९८८ मध्ये इमादर ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि तिने दलितांचा प्रश्नही जागतिक मंचावर मांडला. आपला आणि त्यांचा धागा विहारापुरता नाही, स्वाभिमानाचाही आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांचे काय झाले, तेही आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

तसेच आपले प्रश्नही तिकडे पोहोचले पाहिजेत. बोधगया मंदिर कायदा १९४९ नुसार महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी, अशी रचना आहे. आशियातील असंख्य उपासक तिथे माथा टेकतात, पण त्यांतल्या बहुतेकांना हा कायदा माहीत नसतो. तो त्यांच्या भाषेत समजावून सांगणारी माणसे आपण घडवली, तर त्या मागणीचे वजन वाढेल.

उमरग्यात आज काय करता येईल

१. प्रत्येक विहारात शिष्यवृत्ती फलक लावा. योजनेचे नाव, अर्जाचा महिना, पात्रता आणि लागणारी कागदपत्रे त्यावर लिहा.

२. दहावीपासूनच कागदपत्रे नीट करा. शाळेचा दाखला, आधार, जातीचा दाखला आणि पासपोर्ट यांवरील नाव एकसारखे हवे. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण जात वैधता प्रमाणपत्र वेळेत नसेल तर संधी हुकते.

३. तेर, उमरगा, सन्नती हा धम्मसहलीचा मार्ग तयार करा. स्थळांची माहिती मराठी, कन्नड आणि इंग्रजीत सांगू शकतील असे तरुण वाटाडे घडवा. अजिंठ्याला येणारा थाई किंवा जपानी प्रवासी इकडे वळण्याआधी आपल्याला आपला वारसा सांगता आला पाहिजे.

४. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एका मुलाच्या किंवा मुलीच्या परदेशी भाषेच्या शिक्षणाचा आणि परीक्षेचा खर्च करा. मिरवणुकीतला एक डीजे कमी झाला, तर हे सहज जमते.

५. जे परदेशी शिकतील, त्यांनी परत येऊन किंवा तिथूनच मागच्या दोघांना वाट दाखवावी, असा नियम विहाराने घालून द्यावा.

कोसंबींकडे शिष्यवृत्ती नव्हती, कोटणीसांकडे त्या देशाची भाषा नव्हती. दोघांनी जाऊन शिकून घेतले. आपल्याकडे आज त्यांच्यापेक्षा अधिक साधने आहेत आणि मागे बाबासाहेबांची चळवळ उभी आहे. विहारात बाहेरून आलेली मूर्ती आपण श्रद्धेने बसवली. आता त्याच विहारातून एक मुलगी कोलंबोला, एक मुलगा क्योटोला निघाला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!